शेटे गुरुजींचा तुकडा

सोलापूर
४ ऑक्टोबर २०२५

श्रावणीताई शेटे यांस नमस्कार.

तुमचं पार्सल परवा पोचलं. 'फोन करू नका, क्वार्टरवर एका खोलीत आम्ही चौघी नर्स राहतो, काही विचारायचं असेल तर पत्रानं विचारा,' असं चिठ्ठीत लिहिलंत, म्हणून हे पत्र हैदराबादला पाठवतोय. माझं नाव गंगाधर पुराणिक. वय पासष्ट. सोबती गटात मी नोंदवही आणि पत्रव्यवहार बघतो. माझं अक्षर बरं आहे म्हणून ज्ञानदाताईंनी हे काम दिलं. गट त्यांनीच उभा केला. त्यांचे यजमान एड्सनं गेले, त्या स्वतः वीस वर्षं गोळ्यांवर आहेत आणि आमच्या सगळ्यांपेक्षा भरभर चालतात.

वाकळेचं काम निम्म्याच्या पुढं गेलंय. ज्यांचं माणूस या आजारानं गेलं, त्यांनी त्या माणसाच्या कपड्यातून एक तुकडा शिवून पाठवायचा, गटातल्या बायका ते एकमेकांना जोडतात. १ डिसेंबरला अक्कलकोट रोडवरच्या एका बंद चादर कारखान्याच्या गोदामात आम्ही ती दोरीवर टांगणार आहोत. कुणीही यावं, बघावं, हात लावावा. दुपारी चार वाजता सगळी नावं मोठ्यानं वाचायची. तुमच्या वडिलांचा तुकडा एकोणचाळिसावा.

पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तुम्ही निळ्या दोऱ्यानं दुरेघी आखली आहे. चार ओळी, टाके अगदी सरळ. बायकांनी तो हातोहात फिरवून बघितला. पण ओळी कोऱ्या आहेत. नाव घालायचं राहिलं, की घालायचं नाही? नाव नको असेल तर तसंही चालतं, सात तुकडे बिननावाचे आहेत. तुमचं उत्तर आलं की वहीत लिहीन. करकंबकडच्या कितीतरी मुलांना गुरुजींचं अक्षर अजून आठवत असेल, नाव असतं तर बरं वाटलं असतं. तरी तुमची इच्छा.

आपला,
गंगाधर पुराणिक


सोलापूर
२७ ऑक्टोबर २०२५

श्रावणीताई,

सविस्तर पत्र मिळालं. दिवाळीत सुट्टी मिळाली नाही असं लिहिलंत. आईंना एकटीलाच सण करावा लागला असेल.

तुम्ही पहिल्याच ओळीत विचारलंत, 'बाबा शिक्षक होते आणि २००४ साली गेले, एवढंच मी चिठ्ठीत लिहिलं होतं. करकंबचं नाव तुम्हाला कसं माहीत?' बरोबर आहे तुमचं. माझी बहीण करकंबला दिली आहे. तुमचे वडील जवळच्याच वस्तीवरच्या शाळेत होते आणि संध्याकाळी करकंबात राहत्या खोलीवर स्कॉलरशिपची शिकवणी घ्यायचे. माझा भाचा अवधूत तिथं जायचा. शेटे आडनाव आणि शिक्षक, यावरून ओळखलं.

बाकीचं तुम्ही लिहिलंत ते मला ऐकून थोडं माहीत होतं, पण तुम्ही आठ वर्षांच्या असताना ते बघितलंत. एका सोमवारी चाळीसपैकी पाच मुलं वर्गात आली आणि पुढच्या सोमवारी एकही नाही. गुरुजी तरी साडेदहाला जाऊन फळ्यावर तारीख लिहायचे. घरमालकानं खोली सोडायला सांगितली, टेम्पोत सामान चढवायला कुणी हात लावला नाही आणि गुरुजींनी अंगात ताप असताना कपाट एकट्यानं ढकललं. टेंभुर्णीला गेल्यावर नऊ महिन्यांत ते गेले. फुकटच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळू लागल्या त्या त्यानंतर, म्हणून आई वाचल्या. हे सगळं मी नीट वाचलं.

आई टेंभुर्णीत फॉल-पिकोचं दुकान चालवतात, तिथं कुणाला काही माहीत नाही आणि हा तुकडा पाठवल्याचं तुम्ही आईंनाही सांगितलेलं नाही, म्हणून नाव नको, हे कळलं. वहीत 'नाव नाही' असं लिहिलंय.

मावशींबद्दलचा मजकूर मी दोनदा वाचला. रिपोर्टची गोष्ट आईंनी फक्त धाकट्या बहिणीला, धनलक्ष्मीला सांगितली होती, त्यामुळं गावात बोभाटा केला तो तिनंच, आणि तेव्हापासून बावीस वर्षं तिचं तोंड बघितलं नाही, असं तुम्ही लिहिता. मावशी कुठं असतात हेही तुम्हाला माहीत नाही. ताई, मावशींनी तसं कधी स्वतः कबूल केलं होतं का? की आईंचा तो अंदाज होता? विचारायचा मला अधिकार नाही. सहज विचारलं.

गोदामाची साफसफाई झाली. चन्नप्पा म्हणून एक जुने मागकामगार आहेत, ते दोऱ्या बांधतायत. छताचे पत्रे तीन ठिकाणी गळतात, पण डिसेंबरात पावसाची भीती नाही.

गंगाधर पुराणिक


सोलापूर
८ नोव्हेंबर २०२५

श्रावणीताई,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं.

मी बत्तीस वर्षं सोलापुरात एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. लॅब आता बंद आहे. २००३ च्या जुलैमध्ये तुमचे वडील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. रक्त मीच काढलं. ते मला ओळखत नव्हते, मी त्यांना ओळखत होतो, कारण अवधूतला सोडायला एकदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो. निघताना ते म्हणाले, "रिपोर्ट कुणाकडं देऊ नका. मी स्वतः येतो न्यायला." मी म्हणालो, "काळजी करू नका गुरुजी." मी गुरुजी म्हणालो म्हणून त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

रिपोर्ट मीच टाईप केला. ते येऊन घेऊन गेले.

पुढच्या रविवारी माझी बहीण घरी आली होती. जेवताना अवधूतचा विषय निघाला. गुरुजी त्याच्यावर किती मेहनत घेतात, तो परीक्षेत नक्की येणार, असं ती सांगत होती. मी म्हणालो, "त्याला शिकवणीला पाठवू नकोस." ती म्हणाली, "का?" मी म्हणालो, "विचारू नकोस." तिनं चार वेळा विचारलं. चौथ्यांदा मी सांगितलं. कुणाला बोलू नकोस, अशी शपथही घातली. ती तिनं शेजारणीला घातली, आणि शेजारणीनं पुढं.

ताई, तुम्ही नर्स आहात, म्हणून एक गोष्ट तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. शेजारी बसून, एका पेल्यातलं पाणी पिऊन हा आजार होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. अशा माणसांचं रक्त मी रोज काढत होतो आणि घरी जाऊन माझ्या मुलीला मांडीवर घेत होतो. अडाणीपणानं सांगितलं असं मला म्हणता येत नाही. सगळं माहीत असताना, भाचा आपला आहे एवढ्यापुरतं मी ते माहीत असणं बाजूला ठेवलं.

तुमचा तुकडा आला त्या दिवशी पत्ता लिहून घेताना मी आडनाव वाचलं. गप्प राहायचं असंच ठरवलं होतं. गुरुजींचा तुकडा नीट शिवून घ्यावा, चांगल्या जागी टांगावा आणि मनातल्या मनात हात जोडावेत, एवढंच. पण मावशींचं वाचलं आणि गप्प राहणं जमेना. त्या बाईंनी कुणाला काही सांगितलेलं नाही. जे झालं ते माझ्या घरच्या ताटावर झालं.

तुमचा तुकडा परत हवा असेल तर मी दुसऱ्या कुणाच्या हातून पाठवतो. ज्ञानदाताईंना मी आज सकाळी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वही इथं ठेवा. त्या पोरीचं उत्तर आलं की बघू."

गंगाधर पुराणिक


सोलापूर
२१ नोव्हेंबर २०२५

श्रावणीताई,

तुमचं पत्र आलं. त्यात तीन ओळी होत्या. 'हे मला लिहून काय उपयोग? आईला जाऊन सांगा. मावशीला शोधून तिलाही सांगा.' खाली दुकानाचा पत्ता.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं टेंभुर्णीला गेलो. ज्ञानदाताईंनी तुकडा बरोबर दिला, म्हणाल्या, "आईंना बघू दे. नको म्हणाल्या तर त्यांच्याकडंच ठेवा."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आई एका साडीला पिको करत होत्या. मी नाव सांगितलं, लॅबमध्ये होतो असं सांगितलं आणि तुम्हाला जसं लिहिलं तसंच्या तसं बोललो. त्यांनी मशीन थांबवलं नाही. साडीची कड शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, घडी घातली. मग विचारलं,

"हे तुमच्याकडं परत आलते की. गावात कळल्यावर. शनवार हुता. आले हुते का न्हाय?"

"आले होते," मी म्हणालो.

"तवा तुमी काय म्हणलासा?"

ताई, हे मी तुम्हाला लिहिलेल्या पत्रात नव्हतं. लिहायला बसलो होतो आणि हात त्याच्या अलीकडंच थांबला. गुरुजी खरोखरच आले होते. काउंटरपाशी उभे राहून त्यांनी हळू आवाजात विचारलं होतं, "साहेब, हे तुमच्याकडून गेलं का?" आतल्या खोलीत आमचे मालक होते. मी म्हणालो, "आमच्याकडून कधीच जात नाही. घरातलंच कुणीतरी बोललं असेल, बघा." ते म्हणाले, "व्हय, असंल." आणि गेले.

हे मी आईंना सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या.

"घरी येऊन तेच म्हणले," त्या म्हणाल्या. "घरातलंच कोन तरी. आता घरातलं म्हंजे कोन? मी एका धनूला तेवडं सांगितलं हुतं, दुसऱ्या कुनाला न्हाय. मग तिचंच नाव घेतलं. दोनदा आली हो ती. दार उगडलं न्हाय मी. तिच्या लेकीचं लगीन झालं, गेले न्हाय. आमची आई वारली तवा एका खोलीत हुतो दोगी, तिच्याकडं पाट करून बसले. ती माज्या मागं रडत हुती, मला आयकू येत हुतं."

मी मान खाली घालून उभा होतो. क्षमा मागायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. ते तुमी तुमच्यापाशी ठेवा. पिशवीत काय हाय?"

मी तुकडा दिला. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि दुरेघीवरून बोट फिरवलं. तुम्ही शिवलाय हे मी सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. "टाका माजाच हाय. मीच शिकवला तिला," म्हणाल्या.

नाव नको असं तुम्ही कळवलंय, हे मी सांगितलं. वाकळ सगळ्यांनी बघायची आहे, वर्तमानपत्रात फोटोही येईल, टेंभुर्णीत कळेल, हेही सांगितलं. त्या बाहेर रस्त्याकडं बघत राहिल्या. मग डब्यातून निळा दोरा काढला.

"कळंल तर कळंल. चार बायका यायच्या बंद हुतील. गोळ्या खाऊन मी वीस वर्सं हितं बसलीया, कुनाचं काय वाकडं झालं? त्यांनी काय चोरी केली नव्हती नाव लपवायला."

मशीन सोडून हातानंच शिवायला बसल्या. मी बाकड्यावर बसून राहिलो. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना उद्या या म्हणाल्या. दुपारी अडीच वाजता चार ओळी भरल्या. पुरं नाव, गाव, 'प्राथमिक शिक्षक', आणि वय, अडतीस. तुम्हाला आधी विचारून मग नाव घालायला हवं होतं, पण ते काम माझं नव्हतं, त्यांचं होतं. तुमची हरकत असेल तर आईंना फोन करा.

मावशींच्या लेकीचं सासर आईंनी सांगितलं, तिथल्या माणसांकडून मावशींचा पत्ता मिळाला. गुरुवारी गेलो. इथंच सोलापुरात, साखर पेठेत दोन खोल्यांत राहतात, कडक भाकऱ्या करून विकतात. मी बोलत असताना त्या भाकरी थापत राहिल्या. सांगून संपलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती. ती त्यांनी काढून बाजूला ठेवली.

"आता सांगताय व्हय," एवढंच म्हणाल्या. जरा वेळानं विचारलं, "अक्का काय म्हणली?"

जे झालं ते सगळं सांगितलं. पाठ करून बसल्याचंही सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पीठ घेतलं. १ डिसेंबरला या, असं मी म्हणालो.

"येईन का न्हाय, सांगत न्हाय. तुमी जावा आता."

माझ्या बहिणीलाही फोन केला. तिनंही यावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "बावीस वर्षांनी हे कशाला उकरतोस दादा? सुनेपुढं मी काय तोंड दाखवू?" ती येणार नाही.

गंगाधर पुराणिक


सोलापूर
२ डिसेंबर २०२५

श्रावणीताई,

आईंचा फोन आला असेल तर यातलं पुष्कळ तुम्हाला कळलं असेल. तरी तुम्ही सांगितलं होतं म्हणून लिहितो.

गोदामात सकाळी दहापासून लोक आले. एवढे येतील असं वाटलं नव्हतं. दाराशी चपलांचा ढीग झाला, काढा असं कुणी सांगितलं नव्हतं. वाकळ आठ-आठ तुकड्यांच्या पट्ट्यांत टांगली होती, वरची कड डोक्याच्या वर, तुकडे छातीशी, म्हणजे लहानथोर सगळ्यांना हात लावता यावा. कुणाच्या शबनम पिशवीचं अस्तर, कुणाची नऊवारी, एका ट्रक ड्रायव्हरचा खाकी शर्ट, खिशासकट शिवलेला. कॉलेजची मुलं आली होती, ती येताना हसत आली आणि नंतर हळू बोलू लागली.

आई साडेबाराच्या सुमाराला पोचल्या. एकट्याच. सगळी वाकळ आधी पहिल्यापासून बघितली, एकेक नाव वाचत. गुरुजींच्या तुकड्यापाशी शेवटी आल्या आणि तिथंच थांबल्या. ज्ञानदाताईंनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या नाहीत, मीही जवळ गेलो नाही.

साडेतीन वाजता मावशी आल्या. दारात उभ्या राहून आत बघत होत्या. मी पुढं होऊन कुठं ते हातानं दाखवलं. त्या समोरून गेल्या नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधून वळसा घालून त्याच तुकड्याच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथं नुसते टाके दिसतात, अक्षरं उलटी. अलीकडं आई, पलीकडं मावशी, मधे गुरुजींचा शर्ट. आईंना पलीकडं कोण आहे ते दिसत नव्हतं. मावशींनी कापडाला हात लावला तेव्हा ते हललं. आईंनी खाली वाकून बघितलं.

त्या काय बोलल्या ते मी सांगू शकत नाही. दोघी कन्नडात बोलल्या. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, एवढं मला माहीत होतं, पण मला कन्नड येत नाही. आधी आई बोलल्या, थोडं. मग मावशी पुष्कळ बोलल्या, चढ्या आवाजात, आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. भांडण वाटावं असंच होतं ते. आई ऐकून घेत होत्या. मधे एकदा काही म्हणायला गेल्या तर मावशींनी बोलू दिलं नाही. चन्नप्पांना कन्नड येतं. ते दोरीपाशी उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांनी मान हलवली, म्हणजे सांगणार नाही अशी. मग मावशी थकून जमिनीवर बसल्या आणि आई त्यांच्याजवळ बसल्या.

चार वाजता नावं वाचायची होती. पाच जणांनी एकेक पट्टी वाचायची, असं ठरलं होतं. गुरुजींची पट्टी माझ्याकडं देऊ नका, असं मी ज्ञानदाताईंना आधीच सांगितलं होतं. दुसरी पट्टी वाचून झाली तेव्हा मावशी उठून माझ्याकडं आल्या.

"आमच्या दाजींचं नाव कोन वाचनार?"

"ज्ञानदाताई."

"न्हाय. तुमी वाचायचं."

मी म्हणालो, "बाई, माझी लायकी नाही."

"ते मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "तरी तुमीच वाचायचं. मोठ्यानं वाचा, अक्काला आयकू गेलं पायजे."

मी आईंकडं बघितलं. त्या जमिनीवरच बसल्या होत्या, माझ्याकडं बघत होत्या. नाही म्हणाल्या नाहीत.

माईक बिघडला होता, म्हणून सगळे तोंडीच वाचत होते. मी वाचलं. अमृत शिवलिंग शेटे. करकंब. प्राथमिक शिक्षक. वय अडतीस. आवाज कसा आला ते मला कळलं नाही. मागून एक गृहस्थ, असतील तिशीचे, पुढं आले आणि म्हणाले, "मी गुरुजींचा विद्यार्थी. त्या सोमवारी मला घरच्यांनी पाठवलं नव्हतं." एवढं बोलून ते बाजूला झाले. त्यांचं नाव मला विचारता आलं नाही. पट्टीतली बाकीची नावंही मीच वाचली.

पाच वाजता आई आणि मावशी निघाल्या. मावशी पुढं, आई मागं, एकमेकींशी न बोलता. दारात चपला शोधायला वेळ लागला. रिक्षात बसताना मावशींनी आईंची पिशवी घेतली.

माझ्या मागच्या पत्राच्या उत्तरात तुम्ही एक काम सांगितलं होतं. आईला साडेसहाच्या टेंभुर्णीच्या गाडीत बसवून द्या, रात्री उशीर नको, सकाळी दुकान उघडायचं असतं, गाडी मिळाली का ते मला लिहून कळवा. ते काम माझ्याकडून झालं नाही. मी सहा वाजताच स्टँडवर गेलो. फलाटावर उभा राहिलो. साडेसहाची गाडी लागली, भरली आणि गेली. आई आल्या नाहीत. सव्वासातचीही गेली. पावणेआठपर्यंत थांबलो, मग घरी आलो.

गंगाधर पुराणिक